टाकीत घरटी एक माणूस

वाशीच्या सामुदायिक तरण तलावाला छप्पर होतं, हे आधीच सांगून टाकतो. पुढचं सगळं छपराखाली घडलं म्हणूनच ते इतके दिवस बाहेर कुणाला कळलं नाही. खरं तर उघड्यावर पोहायला या गावात कुणाची हरकत नव्हती. पण तलावाचा नकाशा आणि त्याच्या देखभालीचा नमुना हे दोन्ही कागद कुठल्याशा थंड देशातून आले होते, आणि परदेशातून आलेल्या कागदाला आपल्याकडे हात लावायचा नसतो, नुसता खाली शिक्का मारायचा असतो. त्यामुळे शहात्तर साली, खाडीकाठी, जिथे माणसाचा सदरा सकाळी नऊलाच घामाने पिळायला येतो, तिथे वसाहत सुविधा मंडळाने पत्र्याच्या छपराचा आणि चारी बाजूंनी काचा लावलेला तलाव बांधला.

देखभालीच्या नमुन्यात एकतीस कलमं होती. दरवर्षी मार्चअखेर ती भरून वर पाठवायची. नववं कलम असं होतं: ‘छतावर साचलेला बर्फ काढला काय?’ पहिल्या वर्षी कुणीतरी ‘लागू नाही’ असं लिहिलं. कागद परत आला, कारण उत्तर होय किंवा नाही यांपैकीच द्यायचं होतं. दुसऱ्या वर्षी ‘नाही’ लिहिलं, तर बर्फ का काढला नाही याचा खुलासा मागवला गेला. मग कनिष्ठ अभियंता नंदकुमार सबनीस यांनी तोडगा काढला. सबनीस कागदावर खोटं लिहिणाऱ्यांतले नव्हते. दर मार्चमध्ये मासळीवाल्यांच्या कारखान्यातून बर्फाची एक लादी यायची, ती शिडीवरून छपरावर चढवली जायची, पाच मिनिटं तिथे ठेवली जायची आणि खाली उतरवली जायची. मग सबनीस निर्मळ मनाने ‘होय’ लिहायचे, आणि त्या लादीच्या बर्फाचं सगळ्यांसाठी सरबत व्हायचं.

लादी चढवणारा आणि उतरवणारा माणूस म्हणजे तलावाचा पंपवाला कमळाकर भोईर, आणि ही गोष्ट त्याची आहे.

कमळाकर जुहूगावचा आगरी. तलाव उभा होता ती जागा म्हणजे त्याच्या बापाचं, बापामागे त्याच्या नावावर आलेलं, आणि भाऊबंदांचं खाजण. भरतीचं खारं पाणी बांध घालून बाहेर ठेवायचं आणि आत भात पिकवायचं, असलं शेत. जमीन घ्यायला आलेल्या माणसाने ओटीवर बसून, चहाची बशी फुंकत, ‘घरटी एक नोकरी’ असं सांगितलं होतं. त्याप्रमाणे कमळाकरला नोकरी मिळाली, पण हंगामी. ती दर एकतीस मार्चला संपायची आणि तीन एप्रिलला पुन्हा लागायची, असं सात वर्षं चाललं होतं. त्याची आई पुतळाबाई रोज संध्याकाळी तो घरी आला की एकच प्रश्न विचारायची, “झालास कायम?” आणि तो रोज म्हणायचा, “होईन, आये.” जेवणाआधी देवाला हात जोडावेत तसं हे दोघं हे बोलून घ्यायचे.

पण त्र्याऐंशी सालच्या मार्चमध्ये हे बोलणं कमळाकरला जड जाऊ लागलं होतं. चाळिशी उलटलेल्या माणसाला कायम करायचं नाही असा मंडळाचा नियम होता, आणि जूनमध्ये त्याला चाळीस वर्षं पूर्ण होणार होती. म्हणजे आता नाही तर कधीच नाही. सबनीसांनी मनापासून शब्द दिला होता. मुंबईहून कार्यकारी अभियंता रणपिसे साहेब या वर्षी स्वतः पाहणीला येणार होते. एकतीसही कलमं व्यवस्थित निघाली, तर त्याच बैठकीत कमळाकरचा कागद त्यांच्यापुढे ठेवायचा. कलमांतलं एकच कलम अवघड होतं, चौदावं: ‘टाकी संपूर्ण रिकामी करून तळ कोरडा दाखवला काय?’

आता टाकी रिकामी करणं म्हणजे पंप लावणं, त्यात अवघड काय, असं कुणालाही वाटेल. सबनीसांनाही तसंच वाटायचं. पण खाजणाच्या जमिनीत हातभर खणलं की पाणी लागतं, आणि अवस-पुनवेला खाडीला उधाण आलं की ते खालचं पाणी मायंदाळ चढतं. भरलेली टाकी स्वतःच्या वजनाने गुमान बसून राहते. रिकामी टाकी मात्र निव्वळ होडी. नकाशा काढणाऱ्या परदेशी माणसाला एवढं कळत होतं, म्हणून त्याने टाकीच्या तळाला चार भोकं ठेवून वर पितळी झाकणं बसवली होती. खालचं पाणी जोर करायला लागलं की झाकणं उचलायची आणि पाणी आत यायचं. खाजणाच्या बांधाला पाणी सोडायचं लाकडी दार असतं त्याला उघाडी म्हणतात. कमळाकर त्या झाकणांनाही उघाड्याच म्हणायचा, आणि त्यांना वर्षातून एकदा खोबरेल लावायचा.

पण पाणी आत आलं तर तळ कोरडा कसा दिसणार? मागच्या वर्षी चौदाव्या कलमावर शेरा आला, ‘तळास गळती आढळते’. सबनीसांनी ताबडतोब चारही झाकणं सिमेंटने लिंपून टाकली, आणि गळती थांबली असा अहवालही दिला.

कमळाकरने तेव्हाही काही म्हटलं नाही, कारण त्याच्याकडे सात वर्षांचं एक गुपित होतं. टाकी रिकामी करायचा दिवस सबनीस ठरवायचे खरे, पण पंप त्या दिवशी कधीच चालायचा नाही. कधी व्हॉल्व्ह अडकायचा, कधी पट्टा तुटायचा. अष्टमी उजाडली, खाडीला भांग लागली, म्हणजे भरती अगदी मरगळलेली आली, की पंप आपोआप सुरळीत व्हायचा आणि एकादशीच्या आत टाकी रिकामी करणं, पाहणी आणि पुन्हा पाणी भरणं उरकायचं. झाकणांतून थोडंसं झिरपायचं, पण टाकी जागची हलायची नाही. सबनीसांचा समज असा होता की हा पंपच जरा लहरी आहे. त्यांनी तसं एकदा लिहूनही पाठवलं होतं.

या खेपेला मात्र रणपिसे साहेबांची तारीख मुंबईहून आली. तीस मार्च, दुपारी साडेबारा. कमळाकरने तारीख वाचली आणि बोटांवर मोजलं. होळी पुनवेनंतरची द्वितीया. वर्षातलं दांडगं उधाण, आणि भरती पुरी होणार दीड वाजता. त्याने व्हॉल्व्ह अडकवून बघितला, पण सबनीसांनी दुसऱ्या दिवशी नवा कोरा व्हॉल्व्ह आणून बसवला. मग त्याला तोंड उघडावंच लागलं.

“साहेब, त्या दिवशी टाकी रिकामी नका करू. टाकी उठेल.”

“कुठून उठेल?”

“जागेवरनं. वर येल.”

सबनीसांनी चष्मा काढून पुसला. ते चांगले गृहस्थ होते, फक्त त्यांना ऐकून घ्यायला वेळ लागायचा. “कमळाकर, या टाकीचं वजन साडेतीनशे टन आहे. साडेतीनशे टन उठत नसतात.”

कमळाकर बोलण्यात कच्चा होता, म्हणून त्याने बादलीभर पाणी आणलं आणि त्यात रिकामा लोटा तोंड वर ठेवून दाबला. हात सोडल्याबरोबर लोटा टुणकन वर आला.

“लोट्याचं वेगळं आहे,” सबनीस म्हणाले. “लोटा काही मंजूर नकाशाप्रमाणे बांधलेला नाही. आणि त्या नकाशावर सही कुणाची आहे माहिती आहे का? रणपिसे साहेबांची. मी त्यांना सांगू, तुमची टाकी लोटा आहे म्हणून?”

कमळाकरने लोटा उचलला आणि त्यातलं पाणी मोगऱ्याच्या कुंडीत ओतलं. त्याला राग आला होता, पण सबनीसांचा नाही. हा माणूस आपल्यासाठी झटतोय आणि झटता झटताच आपल्याला बुडवणार, याचा आला होता. टाकी उठली तर ती एका बाजूने उठणार, कलणार, तडकणार. तडकलेल्या टाकीला पंपवाला कशाला लागतो?

धुळवडीच्या दिवशी दुपारी तो गावात चावडीपुढच्या पिंपळाखाली गेला. रंग खेळून दमलेले सगळे तिथे पसरले होते. सिताराम पाटील हा गावचा जुना पंच, त्याच्या कानशिलावर अजून गुलाबी रंग होता. कमळाकरने सगळं सांगितलं. टाकीत पाणी ठेवता येत नाही, कारण तळ कोरडा दाखवायचाय. मग कोरडं वजन पाहिजे. आणि कोरडं, स्वतःच्या पायाने येणारं आणि काम झालं की जाणारं वजन म्हणजे माणूस.

“म्हंजे आमी टाकीत जाऊन काय कराचा?” सितारामने विचारलं.

“बसाचा.”

“पान्यात?”

“पानी नाय, काका. रिकामी हाय.”

सितारामने कानशिलावरचा रंग पुसला. “सात वर्सं झाली. पानी होता तवा दारावर बोरड, सभासदांनाच प्रवेश. आमची पोरा काचंला नाक लावून बघत. आता पानी नाय तर आमाला बोलावतंस?”

पिंपळाखाली हशा झाला, आणि त्यात थोडा विखारही होता. कमळाकर मान खाली घालून उभा राहिला. सिताराम खोटं बोलत नव्हता.

तेव्हा पुतळाबाई बोलली. ती पिंपळाच्या पारावर पाय सोडून बसली होती. “सिताराम, बांधाला खांड परली तर काय करीत व्हतो आपन?”

याचं उत्तर तिथल्या कुठल्याही पोरालाही माहीत होतं. उधाणाने बांध फुटला, की डबा बडवायचा. डबा वाजला की घरटी एक माणूस बांधावर. भांडण असो, सुतक असो, लग्नाची हळद लागलेली असो, घरटी एक माणूस जायलाच हवा. माती पोचेपर्यंत माणसांनी खांडीत आडवं बसून पाणी थोपवायचं. जो घरटी माणूस देणार नाही त्याच्या चुलीला गाव विस्तव देत नसे.

“बांध ऱ्हायला नाय, शेत ऱ्हायला नाय,” सिताराम म्हणाला.

“उधान तर ऱ्हायलाय ना,” पुतळाबाई म्हणाली. “डबा वाजवा.”

तीस तारखेला सकाळी दहा वाजता टाकी रिकामी झाली. पाणी गेल्यावर ती फार मोठी आणि जरा लाजल्यासारखी दिसत होती, निळ्या फरशीवर ठिकठिकाणी उखडलेले चट्टे. अकराच्या सुमारास गाव आलं. घरटी एक म्हणून सांगितलं होतं, पण शिमग्याची सुट्टी असल्यामुळे काही घरांतून तिघे-तिघे आले होते, एकूण तीनशेच्या वर. दारात केशरबाईने त्यांना अडवलं.

केशरबाई तलावाची प्रवेश-कारकून. महाडकडच्या खेड्यातली, दिवसा नोकरी आणि रात्रशाळा करून मॅट्रिक झालेली. तिच्या मागे भिंतीवर नियमांची पाटी होती आणि ती पाटी तिला तोंडपाठ होती.

“टाकीत उतरण्यापूर्वी पाय धुणे आणि टोपी घालणे सक्तीचे आहे,” ती म्हणाली.

“केशरबाई, पानी नाय टाकीत,” कमळाकर म्हणाला.

“पाणी असल्यास, असं लिहिलेलं नाही भोईरदादा. आमच्यात लिहिणं-वाचणं हाती आलं ते फार उशिरा आलं. आता लिहिलेलं मी मोडणार नाही.”

मग तीनशे माणसांनी रांगेने पाय धुतले. पुरुषांच्या डोक्यावर टोप्या होत्याच, बायकांनी डोक्यावर पदर घेतले, आणि पदर म्हणजे टोपीच असं केशरबाईने बराच विचार करून मान्य केलं. सवाबारापर्यंत सगळं गाव टाकीत उतरून बसलं. आणि मग एक गंमत झाली. कुणी न सांगता माणसं सरकू लागली. “आमचं इथनं पुढं,” म्हणत एक कुटुंब उथळ बाजूला गेलं. “इकरं आमचा खला व्हता, भात झोरायचा,” म्हणत पुतळाबाई खोल टोकाला जाऊन बसली. पाच मिनिटांत प्रत्येक घर आपापल्या जुन्या शेतावर बसलं होतं, मध्ये बांधाएवढी जागा सोडून. सितारामने शेजाऱ्याला दोन वीत मागे सरकायला लावलं आणि त्यावरून थोडी बाचाबाचीही झाली. कमळाकर वरून हे बघत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्याने पुसलंही नाही.

बरोबर साडेबाराला रणपिसे साहेब आले. जयप्रकाश रणपिसे म्हणजे नव्वद किलोचा, सावकाश बोलणारा माणूस. ते टाकीच्या काठाशी आले, खाली बघितलं आणि सबनीसांकडे बघितलं. सबनीस चष्मा पुसू लागले. कमळाकरने पुढे होऊन सगळं सांगितलं.

“किती वर उठली टाकी?” रणपिसे यांनी शांतपणे विचारलं.

“नाय उठली साहेब. लोक बसलेत म्हनून.”

“म्हणजे उठली नाही.”

“लोक बसलेत म्हनून.”

“लोक बसलेत ते मला दिसतंय. टाकी उठलेली दिसत नाही. म्हणजे जे घडलंच नाही त्यावर तू उपाय केलास, आणि उपाय केल्यामुळे ते घडलं नाही असं म्हणतोस. असं तर मीही म्हणेन की मी छत्री आणली म्हणून आज गारा पडल्या नाहीत.”

कमळाकरला हे उत्तर अन्यायाचं आहे हे कळत होतं, पण त्यात कुठे बोट ठेवावं ते कळेना. रणपिसे पुढे म्हणाले, “आणि तळ कोरडा आहे की नाही हे माणसं उठल्याशिवाय मला दिसणार कसं? सगळ्यांना बाहेर काढा.”

“साहेब, तीन वाजू द्या. भरती उतरू द्या.”

“मला अडीचला बेलापूरला बैठक आहे. बाहेर काढा, नाहीतर चौदाव्या कलमापुढे ‘नाही’ लिहितो आणि तू उद्यापासून घरी.”

टाकीतली तीनशे तोंडं कमळाकरकडे वळली. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजायला पाच मिनिटं होती. माणसं काढली आणि टाकी उठली तर टाकी जाणार, न उठली तर आपण खोटे ठरणार, आणि काढलीच नाहीत तर नोकरी जाणार. तिन्हीकडून मरण एकच होतं. त्याने मान हलवली. माणसं उठली आणि दोन शिड्यांवरून बाहेर येऊ लागली. पुतळाबाई तेवढी उठली नाही. “मना नाय चढवत शिरी,” ती म्हणाली. तिच्या गुडघ्यांत काडीचा दोष नव्हता हे कमळाकरला माहीत होतं.

रणपिसे साहेब उथळ बाजूने टाकीत उतरले. तिथे काठ त्यांच्या छातीशी येत होता. हातात खडू घेऊन ते फरशी बोटाने चाचपत, बरी असेल तिथे बरोबरची खूण करत निघाले. माणसं निम्म्याहून जास्त बाहेर आली होती. कमळाकरची नजर काठाभोवतीच्या डांबराच्या फटीवर होती. तिथे आधी केसाएवढी चीर पडली. मग बोटाएवढी. आवाज म्हणावा तर काहीच झाला नाही, फक्त कुठेतरी खोल जमिनीने आवंढा गिळल्यासारखं झालं. रणपिसे यांनी खडू खाली ठेवला होता, तो आपोआप घरंगळत पुतळाबाईच्या पायाशी गेला.

रणपिसे यांनी मान वर केली. समोर हॉलच्या जमिनीवर, काठापलीकडे, सबनीस उभे होते. त्यांचे बूट मघापर्यंत लेससकट दिसत होते. आता लेस काठाआड गेल्या होत्या.

“सबनीस,” रणपिसे म्हणाले, “तुम्ही खाली का चाललाय?”

“मी इथेच आहे साहेब,” सबनीस अदबीने म्हणाले. “आपण वर येताय.”

नव्वद किलोचा माणूस इतक्या चटकन बसलेला कमळाकरने कधी बघितला नव्हता. फरशीवर मांडी घालून, दोन्ही तळहात खाली दाबून धरत रणपिसे साहेब म्हणाले, “सगळ्यांना आत घ्या.”

पण बाहेर आलेली माणसं हॉलबाहेर अंगणात गेली होती, आणि आत यायचं तर दारात केशरबाई. पहिल्याच माणसाला तिने पाय दाखवायला सांगितले. पाय मातीने भरले होते.

“केशरबाई, आज ऱ्हाऊ द्या,” कमळाकर काकुळतीला आला.

केशरबाईने त्याच्याकडे बघितलं. त्याच्या मागे टाकीचा काठ वीतभर वर आला होता आणि खोल टोकाकडे कललेला दिसत होता. तिने नळ पूर्ण सोडला आणि रबरी नळी उचलून धावत येणाऱ्या सगळ्यांच्या पायांवर सरळ धार धरली. नियम मोडला नाही आणि रांगही थांबली नाही. शेवटचा माणूस गेल्यावर तिने आपले पाय धुतले, डोक्यावर पदर घेतला, वही काखेत मारली आणि तीही उतरली. तिच्यामागे सबनीस उतरले, साहेबांचा ड्रायव्हर उतरला, शिपाई मारोती उतरला. कमळाकर सर्वांत शेवटी, उचललेल्या बाजूच्या कोपऱ्यात जाऊन बसला.

“सगळी इकरं सरका,” तो ओरडला. सगळी म्हणजे रणपिसे साहेबसुद्धा. ते बसल्या बसल्या, ढुंगणावर घसरत सरकले. टाकी डुलली, थबकली, आणि जड झालेल्या म्हशीसारखी हळूहळू खाली बसली. डांबराची फट मिटली. फरशीवर एकही नवा तडा नव्हता.

मग चार वाजेपर्यंत कुणालाही हलता आलं नाही. बेलापूरची बैठक गेली. गावाने बरोबर तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट आणली होती, ती हातोहात फिरली. रणपिसे साहेबांनी आधी नको म्हटलं, मग दोन भाकऱ्या खाल्ल्या. पुतळाबाईने त्यांना खांड म्हणजे काय, उघाडी कुणी आणि कधी उघडायची, कुठल्या तिथीला खाडी काय करते, हे सगळं नातवाला सांगावं तसं सांगितलं. साहेबांनी मध्ये दोनदा प्रश्नही विचारले.

चार वाजता कमळाकर उठला. “ओहोटी लागली. जावा आता सावकाश.” माणसं बाहेर पडली. रणपिसे साहेबांनी विजार झटकली, काठावर बसून नमुना मांडीवर घेतला आणि चौदाव्या कलमापुढे लिहिलं, ‘होय. तळ कोरडा. टाकी स्थिर. शेरा नाही.’ सबनीसांनी कमळाकरचा कागद हळूच पुढे सरकवला. साहेबांनी तो वाचून बाजूला ठेवला.

“हे बघ, भोईर,” ते म्हणाले, आणि आवाजात मघाचा रुबाब नव्हता. “तू केलंस ते मला कळलं. पण लिहू काय? टाकी उठली असं लिहिलं तर नकाशावर सही माझी आहे. टाकी उठली नाही असं लिहिलं, तर तू काही केलंच नाहीस. हंगामी माणसाला कायम करायचं तर काहीतरी कारण लागतं.”

सात वर्षांत कमळाकरला इतकी सरळ भाषा कुणी ऐकवली नव्हती, आणि ती खरी होती याचंच त्याला वाईट वाटलं. खाली टाकीत पुतळाबाई अजून आपल्या खळ्यावर बसून होती.

साहेब निघता निघता थांबले. “बरं, त्या उखडलेल्या फरश्या बसवायला टाकी पंधरा दिवस रिकामी लागेल. उद्यापासून धरू या ना?”

“उद्या उधान उतरलेलं नसंल.”

“मग कधीपासून?”

“मधी अवस हाय.”

“म्हणजे कुठले दिवस टाळायचे, कुठल्या दिवशी पाणी भरून ठेवायचं, ते सबनीसांना लिहून दे.”

“देतो,” कमळाकर म्हणाला. “या साली देतो साहेब. जूनला मना चालीस होतील. पुढल्या साली पंपावर कोन असंल, त्याला इचारा.”

तो हे धमकी म्हणून बोलला नव्हता. ठाऊक होतं ते सांगितलं, इतकंच. पण सबनीसांनी खोकल्यासारखं केलं, आणि रणपिसे साहेब काठाशी उभे राहून डांबराच्या त्या बारीक रेषेकडे बराच वेळ बघत राहिले. वर्षाला चोवीस उधाणं येतात हे त्यांना दुपारीच कळलं होतं. मग ते पुन्हा खाली बसले, बाजूला ठेवलेला कागद उचलला आणि पेनाचं टोपण काढलं.

“कारण काय लिहू साहेब?” सबनीसांनी हळूच विचारलं.

“तिथीचं ज्ञान,” रणपिसे म्हणाले. “इंजिनिअरिंगमध्ये नव्हतं.” आणि कमळाकरकडे वळून म्हणाले, “पूर्ण नाव सांग.”

कमळाकरने तोंड उघडलं. तेवढ्यात टाकीच्या तळातून पुतळाबाईचा आवाज आला, त्या रिकाम्या टाकीत घुमून मोठा झालेला.

“कमळाकर चांगो भोईर,” ती म्हणाली. “इथल्या सात-बाऱ्यावर व्हता तसाच लिवा.”